ठिबक की तुषार? आधी विहिरीला विचारा



जिल्ह्याच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ओलिताची चांगली पद्धत कोणती? दांडाने पाणी द्यावे, तुषार घ्यावा की ठिबक टाकावे? प्रश्न सरळ आहे, उत्तर देणारे मात्र सरळ नाहीत. दुकानदाराला विचारले तर तो ठिबक सांगतो, कारण त्याला नळी विकायची आहे. सरकारी माणसाला विचारले तर ज्या योजनेचे उद्दिष्ट मार्चअखेर पुरे व्हायचे राहिले असेल, ती पद्धत तो सांगतो. बागायतदार पाहुण्याला विचारले तर त्याच्या उसात किंवा केळीत जे चालले ते तो आपल्या पऱ्हाटीला लावतो. कोरडवाहू कापूसवाल्याने आणि ज्वारीवाल्याने आपल्या शेताचे माप लावून केलेली तुलना क्वचितच वाचायला मिळते. ती येथे मांडतो आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पाणी किती टक्के वाचते, ही आपली परीक्षा नव्हे. माझ्या विहिरीत आहे तेवढ्या पाण्यात, मला मिळते तेवढ्या विजेत, पीक मान टाकते त्या आठवड्यात माझे किती एकर वाचते, ही आपली परीक्षा आहे. बागायतदाराला वीस पाण्यांची सोळा पाणी करायची असतात. आपल्याला शून्याचे एक करायचे असते, फार तर दोन. दोघांची गरज वेगळी, म्हणून दोघांची मोजपट्टीही वेगळी.

आधी माप शिकून घ्या

पाण्याच्या बाबतीत आपण सगळे अंदाजपंचे बोलतो. 'विहिरीला भरपूर पाणी आहे', 'दोन तास मोटर चालते', 'एक पाणी दिले'. यातून काहीच कळत नाही. माप सोपे आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी पसरायचे तर चार हजार लिटर लागते. २५ मिलिमीटरला एक लाख लिटर, ५० मिलिमीटरला दोन लाख लिटर. एवढे पाठ केले की कोणी फसवू शकत नाही.

आता आपली मोटर मोजा. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि घड्याळ लावा. एका मिनिटात भरला तर मोटर तासाला १२ हजार लिटर पाणी फेकते. या हिशेबाने एक एकराला ५० मिलिमीटर पाणी द्यायला सुमारे १७ तास लागतात. वीज आठ तास मिळाली तर दोन दिवस मोडले. पाच एकर असेल तर दहा दिवस. पऱ्हाटी दहा दिवस थांबते का?

शेवटी विहीर मोजा. संध्याकाळी उपसा थांबवल्यावर पाणी कोठे होते आणि सकाळी कोठे आले, ते काठीने मोजा. विहिरीची गोलाई माहीत असली की रात्रीतून किती लिटर पाणी आले ते कोणताही शाळकरी पोर काढून देईल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपण रोज वापरतो. पण आडात किती आहे हे मोजल्याशिवाय पोहरा घ्यायला बाजारात जातो. गोष्टी उलट्या क्रमाने चालल्या आहेत.

दांडाचे पाणी : शिव्या फार, दोष थोडे

दांडाने, सरीने किंवा साऱ्याने पाणी देण्याच्या पद्धतीला आजकाल मागासलेली म्हणायची फॅशन आहे. तिचे दोष खरेच आहेत. मातीच्या दांडात पाणी मुरते आणि फुटते. सरी लांब असली की तोंडाशी चिखल होतो आणि शेपटाला धूळ राहते. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिले पाणी भेगाच पितात. हलके पाणी देताच येत नाही, कारण शेवटपर्यंत पाणी पोचवायचे तर ७०-८० मिलिमीटर ओतावेच लागते.

कापसाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. लांब उघडीप पडून जमीन कडक वाळली आणि त्यावर एकदम तुंबवून पाणी दिले की भरल्या बोंडांची झाडे दोन-तीन दिवसांत माना टाकतात. यालाच आकस्मिक मर म्हणतात. हा रोग जंतूंचा नाही. मुळांना एकाएकी हवा मिळेनाशी झाल्याचा तो परिणाम आहे. म्हणजे पाणी नसल्याने जगलेली पऱ्हाटी पाणी दिल्याने मरते.

पण या पद्धतीचे गुणही सांगितले पाहिजेत. तिला दाब लागत नाही, गाळणी लागत नाही, सुटा भाग लागत नाही आणि बिघडली तर फावड्याने दुरुस्त होते. तिचे निम्मे दोष दोन साध्या गोष्टींनी जातात. दांडाऐवजी पाइपने पाणी शेताच्या तोंडापर्यंत न्यावे आणि सऱ्या आखूड कराव्यात. त्यापुढची पायरी म्हणजे एकाआड एक सरी भिजवणे. कापसाच्या ओळी रुंद असतात. प्रत्येक ओळीला एका बाजूने ओल मिळाली तरी आणीबाणीत ती पुरते. दुसरी बाजू कोरडी राहिल्याने मुळांना हवा राहते. याला अनुदान नाही, म्हणून याची जाहिरातही नाही.

तुषार : ज्वारीचा मित्र

तुषार म्हणजे स्प्रिंकलर. त्याचा मोठा गुण असा की तो हलके पाणी देऊ शकतो. ३०-४० मिलिमीटर द्यायचे तर तेवढेच देतो आणि तोंडाशी-शेपटाशी सारखे देतो. जमीन उंचसखल असली तरी चालते. पाइप उचलून दुसऱ्या शेतात नेता येतात, म्हणजे एका संचावर चार घरे भागू शकतात. ठिबकात ही सोय नाही.

हिशेब असा. १२ बाय १२ मीटरवर तोट्या लावल्या आणि एक तोटी तासाला दीड हजार लिटर फेकत असेल, तर तासाला दहा मिलिमीटरच्या थोडे वर पाणी पडते. आपल्या १२ हजार लिटरच्या मोटरीवर आठ तोट्या चालतील आणि एका वेळी पाव एकरापेक्षा थोडे जास्त भिजेल. चार तासांत ४० मिलिमीटर झाले की पाइप हलवायचे. आठ तासांच्या विजेत अर्धा एकर निघतो. चिखलात पाइप हलवायला दोन माणसे लागतात, तीही धरा.

दोष असे की तुषाराला दोन ते तीन किलो दाब लागतो. विहीर खोल असेल आणि व्होल्टेज पडले तर तोटी फिरतच नाही, नुसती ठिबकत बसते. वाऱ्यात आणि दुपारच्या उन्हात पाणी उडून जाते. ओल्या काळ्या रानात जास्त वेळ चालवले तर पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते, कारण चिकण जमीन ओली झाल्यावर तासाला पाच मिलिमीटरच्या आतच पाणी घेते. कापसाला सकाळी फुले उमलली असताना तुषार नको आणि फुटलेल्या बोंडावर तर नकोच नको. पण ज्वारी, हरभरा, गहू यांना तुषारासारखी स्वस्त आणि समान पद्धत नाही.

रब्बी ज्वारीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालदांडी जमिनीतल्या ओलीवर येते हे खरे. पण एकच पाणी हाताशी असेल तर ते कधी द्यायचे यावर सगळे आहे. पेरणीनंतर २८ ते ३० दिवसांनी वाढीच्या काळात किंवा ५० ते ५५ दिवसांनी पोटरीत येताना दिलेले एक पाणी कामाचे असते. दाणा वाळायला लागल्यावर दिलेले पाणी केवळ वीज जाळते. पद्धत कोणतीही असो, चुकीच्या दिवशी दिलेले पाणी शंभर टक्के वाया जाते. कोणत्याही माहितीपत्रकात ही टक्केवारी छापलेली नसते.

ठिबक : गुण कोणता आणि किंमत कोणती

ठिबकाला विरोध करण्याचे कारण नाही. त्याला एक किलो दाब पुरतो. खत पाण्यातून देता येते, तण कमी येते, रात्री-अपरात्री बारे धरायला जावे लागत नाही. विंचू-सापाच्या काळोखात पाणी द्यायला जाणाऱ्या घराला हा शेवटचा गुण मोठा वाटतो आणि तो खराच मोठा आहे.

आकडे पाहा. पाच फुटांच्या ओळीला एक नळी धरली तर एकराला सुमारे २,६५० मीटर नळी लागते. अर्ध्या मीटरवर दोन लिटरचा थेंबक असेल तर ५,३०० थेंबक झाले. ते तासाला १०,६०० लिटर पाणी देतात. आपली मोटर एका वेळी एक एकर चालवू शकते. दीड तासात चार मिलिमीटर पाणी जाते आणि आठ तासांत पाच एकर होतात. मोटरीच्या आणि विजेच्या दृष्टीने ठिबक निर्विवाद पुढे आहे.

आता दुसरी बाजू. ज्वारी दीड फुटावर पेरली जाते. तिला ठिबक टाकायचे तर नळीचा खर्च दाण्यातून आणि कडब्यातून निघणे कठीण. म्हणजे ठिबकाची बाजू कापसापुरती, तुरीपुरती आणि भाजीपाल्यापुरती आहे. पाण्यात क्षार असले की थेंबक बुजतात आणि आम्लाने धुवावे लागतात. खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात, रानडुकरे आणि रोही तुडवतात. दरवर्षी नळ्या गुंडाळायच्या आणि पुन्हा पसरायच्या, ही मजुरी कोणी अंदाजपत्रकात धरत नाही.

अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर प्रश्नच वेगळा आहे. तेथे विहिरीचे पाणीच खारट. ते दांडाने दिले तरी जमीन बिघडते आणि नळीने दिले तरी बिघडते. तेथे पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरून ठेवणे आणि गरजेच्या वेळी तुषाराने फिरवणे हाच मार्ग आहे.

एकच विहीर, तीन पद्धती

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सिंचन पुस्तिकेत शेतावरच्या वापराचे ठोकताळे दिले आहेत. शंभर लिटर पाण्यापैकी पिकाच्या कामी येते ते सरी-साऱ्याच्या पद्धतीत ६०, तुषारात ७५ आणि ठिबकात ९० लिटर. दांडातली गळती धरून आपण पहिला आकडा ५० करू.

समजा, विहिरीला दिवसाला ४० हजार लिटर पाणी येते. मुळाशी पोचेल ते दांडाने २० हजार, तुषाराने ३० हजार, ठिबकाने ३६ हजार लिटर. पिकाला भर वाढीत रोज चार मिलिमीटर, म्हणजे एकरी १६ हजार लिटर लागते असे धरले, तर दांडाने सव्वा एकर, तुषाराने जवळजवळ दोन एकर आणि ठिबकाने सव्वादोन एकर पोटभर पाणी पिते. दांडापासून तुषारापर्यंतची उडी मोठी आहे. तुषारापासून ठिबकापर्यंतची उडी जेमतेम सव्वा-दीड बिघ्याची भासेल, प्रत्यक्षात तेवढीही नाही. अर्ध्या एकराच्या आत आहे. दुप्पट-तिप्पट क्षेत्र भिजते म्हणणाऱ्याला हा हिशेब करायला सांगा. नळी पाणी तयार करत नाही.

पण आपल्याला पोटभर पाजायचेच नाही. आपला प्रश्न आहे तो ऑगस्ट-सप्टेंबरातल्या पंधरा-वीस दिवसांच्या खंडाचा आणि ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर बोंडे भरण्याचा. तेथे हिशेब बदलतो. दहा दिवसांत या विहिरीतून चार लाख लिटर पाणी निघेल. दांडाने तुंबवून ७५ मिलिमीटर दिले तर सव्वा-दीड एकर वाचते. पाइप आणि एकाआड एक सरीने ५० मिलिमीटरमध्ये भागवले तर दोन एकर. तुषाराने ४० मिलिमीटर दिले तर अडीच एकर. ठिबकाने ओळीच्या पट्ट्यालाच ओल देऊन एकरी ६० हजार लिटरमध्ये भागवले तर साडेसहा एकर.

येथे ठिबकवाला टाळ्या वाजवील. थांबा. ते ६० हजार लिटर एकराला १५ मिलिमीटर झाले. पीक चार दिवसांत ते पिऊन टाकते. दांडाचे पाणी दहा-बारा दिवस पुरते. पाणी तेवढेच आहे, वाटणी वेगळी आहे. प्रश्न असा की सव्वा एकर पोटभर ठेवून बाकीचे मरू द्यायचे, की सहा एकर अर्धपोटी का होईना जगवायचे? कोरडवाहू घराचे उत्तर ठरलेले आहे. पाते, फूल आणि बोंड धरण्याच्या दिवसांत पहिला घोट सर्वांत जास्त कापूस देतो, शेवटचा घोट सर्वांत कमी. म्हणून थोडे पाणी जास्त रानात, योग्य वेळी, ही आपली रीत असली पाहिजे. ठिबकाचा खरा गुण ९० टक्क्यांत नाही, थोडे-थोडे देता येण्यात आहे. हाच गुण तुषारात बऱ्यापैकी आहे आणि एकाआड एक सरीत थोडासा आहे.

एक इशाराही येथेच देतो. पाणी हाताशी आले की फरदड घेण्याचा मोह होतो. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी हिरवी ठेवली की गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळते. २०१७ साली विदर्भात काय झाले ते विसरू नका. एकाच्या ओलिताची अळी साऱ्या शिवाराला खाते.

शेततळे आणि कालवा

शेततळे ही ओलिताची पद्धत नाही, ती पाण्याची साठवण आहे. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली ५० हजार रुपयांच्या अनुदानाने सुरू झाली. ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोल आणि उतरत्या काठांचे तळे पूर्ण भरले तर सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. कागदावर अकरा एकरांना ५० मिलिमीटरचे एक पाणी झाले. पण भरल्या तळ्यावरून रोज पाच मिलिमीटर उडाले तरी साडेचार हजार लिटर जातात, म्हणजे दोन महिन्यांत पावणेतीन लाख. मुरुमात खोदले तर झिरपणे वेगळे. तरीही पावसाच्या पाण्याने भरलेले तळे कोरडवाहूचे सर्वांत जवळचे धरण आहे.

मात्र प्लॅस्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने तळे भरणे हा प्रकार वेगळा. जमिनीखाली सुरक्षित असलेले सगळ्यांचे पाणी वर काढायचे, उन्हात ठेवायचे आणि माझे म्हणायचे, यात जलसंधारण कसले? ज्याची मोटर मोठी त्याने शेजाऱ्याची विहीर उपसली, एवढाच त्याचा अर्थ.

कालव्याची गोष्ट आणखी न्यारी. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली सुरू झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. एवढ्या लांबीच्या कालव्याच्या शेपटाला बसलेल्या कापूसवाल्याला तुषार की ठिबक हा प्रश्न पडतच नाही. त्याचा प्रश्न असतो, पाळी येणार कधी? कालव्याचे पाणी पिकाच्या नव्हे, वेळापत्रकाच्या तहानेने सुटते. आणि राज्याच्या लागवडीत शंभरातले पाच-सहा एकरही न व्यापणारा ऊस ओलिताच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा पिऊन जातो. आधी हा वाटा बोला, मग आम्हाला थेंबांची काटकसर शिकवा.

वाटपाचे चांगले नमुने आपल्याच राज्यात आहेत. धुळे-नाशिकच्या पांझरा-मोसम खोऱ्यांतली फड पद्धत शेकडो वर्षे गावकऱ्यांनीच चालवली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हिस्सा आणि ऊस बंद. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर १९९० नंतर पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या, पाणी मोजून घेऊ लागल्या आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचा कारभार हाती घेतला. २००५ साली त्यासाठी कायदाही झाला. या ठिकाणी आधी नळी आली नाही. आधी माप आले आणि हक्क आला.

वाचलेले पाणी जाते कोठे?

ठिबकाने पाणी वाचते, म्हणून भूजल वाढेल, असे सांगतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबक सगळीकडे पोचले, तरी तेथले भूजल खाली गेले. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याची गतही तीच. कारण उघड आहे. वाचलेल्या पाण्यावर माणूस दोन एकर आणखी लावतो. त्यात त्याला दोष देता येत नाही, त्याला पोट आहे. शिवाय दांडातून मुरलेले पाणी सगळेच वाया जात नव्हते, काही खालच्या विहिरीला मिळत होते. म्हणून गावाने मिळून उपशाला मर्यादा घातली नाही, तर चांगल्या पद्धतीने पाणी वाचत नाही, फक्त हात बदलते. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि ओलितासाठी बोअर घेणे थांबवले, म्हणून तेथे वाचलेले पाणी वाचलेलेच राहिले.

खर्चाचा हिशेब कापसात करा

केंद्राच्या योजनेत ठिबक-तुषारासाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान ठरले, राज्याने त्यात भर घातली. पण हे टक्के सरकारने ठरवलेल्या खर्चावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नसतात. बिल फुगले की अनुदान कोणाच्या खिशात गेले ते तुम्हीच समजा.

खर्च रुपयांत मोजू नका, कापसात मोजा. समजा, अनुदान वजा जाऊन एकरी १५ हजार रुपये खिशातून गेले आणि संच पाच हंगाम टिकला. वर्षाला तीन हजार झाले. पसरणे-गुंडाळणे-दुरुस्तीचे दीड हजार धरा. साडेचार हजार झाले. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. तो हातात पडला तर ५८ किलो कापूस नळीचा, उरलेला तुमचा. बाजारात साडेसहा हजारच मिळाले तर ७० किलो नळीचा. जादा कापसाची वेचणी वेगळी. म्हणजे पद्धतीची परीक्षा शेतात निम्मीच होते, उरलेली निम्मी बाजारात होते. भाव पाडून नळीवर अनुदान देणे म्हणजे खिसा कापून बटवा भेट देणे.

ज्याला विहीरच नाही त्याचे काय?

आपल्यातले बहुसंख्य शेतकरी येथेच आहेत, म्हणून ही गोष्ट शेवटी ठेवली. २५ मिलिमीटरचा एक पाऊस एकरावर एक लाख लिटर टाकतो. ते पाणी वाहून नाल्याला गेले तर नाल्याचे, मुरले तर तुमचे. उताराला आडवी पेरणी, धड बांध, डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये पाडलेल्या सऱ्या आणि रुंद वरंब्यावरची पेरणी ही सगळी ओलिताचीच साधने आहेत. त्यांना वीज लागत नाही. जास्त पाऊस झाला तर याच सऱ्या पाणी बाहेरही काढतात. एक मुरलेला पाऊस तुषाराच्या एका पाळीइतका आहे. तुलनेच्या तक्त्यात या पद्धतीचे नाव नसते, कारण ती विकता येत नाही.

निवाडा आणि काम

तेव्हा माझा निवाडा असा. पहिली पद्धत सरीत मुरवलेला पाऊस, ती सर्वांसाठी. विहीर असून हातात पैसा नसेल तर पाइप आणि एकाआड एक सरी. ज्वारी-हरभऱ्याला तुषार, आणि तो चार घरांत मिळून एक. कापसाला ठिबक, पण विहिरीचे रात्रीचे पाणी मोजल्यावर, पाणी क्षाराचे नसेल तर आणि कर्ज न काढता जमत असेल तर. उलट क्रमाने जाणाऱ्याचे शेत नळीने भरते, बोंडांनी नाही.

सरकारकडे मागणीही याच क्रमाने करू. दिवसा सलग आठ तास पुऱ्या दाबाची वीज द्या. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्याने माफ केले. पण फुकट आणि अवेळी यापेक्षा वेळेवर आणि पुरेशी वीज आम्हाला जास्त मोलाची आहे. अनुदानाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती द्या. त्यातून पाइप घ्यायचा, तुषार घ्यायचा की ठिबक, ते त्याला ठरवू द्या. चार जणांच्या गटाला एक संच घेता आला पाहिजे. कालव्याच्या शेपटाला एक संरक्षित पाणी मोजून आणि पाते-बोंडाच्या दिवसांत मिळाले पाहिजे. आणि कृषी विद्यापीठांनी आपल्या प्रक्षेत्रावरचे आकडे पुरे करून कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर, त्याच्या विजेवर, तुलना करून दाखवावी.

पण विद्यापीठाची वाट पाहत बसू नका. प्रत्येक गावात या हंगामात चार तुकडे आखा, अर्ध्या-अर्ध्या एकराचे. एक नुसता सऱ्यांचा, एक एकाआड एक सरीच्या पाण्याचा, एक तुषाराचा आणि एक ठिबकाचा. तुषार पऱ्हाटीला द्याल तर फुलांची वेळ चुकवा. बी तेच, खत तेच, पेरणी त्याच दिवशी. मोटरीचे तास, पाण्याचे लिटर, मजुरीचे रुपये आणि वेचणीचे किलो एका वहीत लिहा. दर हजार लिटरला किती किलो कापूस आला, हा एकच आकडा काढा. शिकलेल्या सुनेला किंवा लेकीला वही द्या, ती नीट ठेवील. पन्नास गावांच्या पन्नास वह्या एकत्र आल्या तर तसा तक्ता ना कंपनीकडे असेल, ना खात्याकडे. वेचणी संपल्यावरच्या बैठकीला येताना घोषणा कमी आणा, वही मात्र नक्की आणा.